वाचणे आणि उमजणे

मराठी वाचता येणाऱ्या कोणाही मुलासमोर पुढील वाक्य ठेवावे: ‘मलाई भोक लाग्यो.’ तो मुलगा ते न अडखळता वाचील. काना, मात्रा, वेलांटी यांत त्याची एकही चूक होणार नाही. परंतु वाक्याचा अर्थ विचारला, तर तो बुचकळ्यात पडेल. मलाई म्हणजे दुधावरची साय आणि भोक म्हणजे छिद्र. तेव्हा सायीला छिद्र पडले असावे, असा तर्क तो कदाचित करील. वास्तविक हे वाक्य नेपाळी भाषेतील आहे. नेपाळी भाषाही मराठीप्रमाणेच देवनागरी लिपीत लिहितात. त्या वाक्याचा अर्थ आहे, ‘मला भूक लागली.’ एखादा भुकेला माणूस आपल्याशी बोलत होता आणि आपण मात्र सायीतील छिद्र शोधत होतो! अक्षरे ओळखीची, उच्चार बिनचूक, आणि अर्थ मात्र हाती लागला नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अक्षरे उच्चारता येणे ही वाचनाची पहिली पायरी आहे. वाचलेले उमजणे ही दुसरी. पहिली पायरी चढलेला माणूस दुसरी आपोआप चढतोच असे नाही.

कोणी म्हणेल, ‘ही परक्या भाषेची अडचण झाली, आपल्या भाषेत असे कसे होईल?’ तर मग आता हे वाक्य पाहा: ‘झिंगुळ्याने काल दोन फटुंगे लोपाटले.’ या वाक्यावर काही प्रश्न विचारू. फटुंगे कोणी लोपाटले? झिंगुळ्याने. किती फटुंगे लोपाटले? दोन. केव्हा लोपाटले? काल. तिन्ही उत्तरे अचूक आली. परीक्षेत त्यांना पूर्ण गुणही मिळाले असते. परंतु झिंगुळ्या कोण, फटुंगा कशाला म्हणतात आणि लोपाटणे म्हणजे काय, हे कोणालाच ठाऊक नाही. कारण हे तिन्ही शब्द केवळ या पाठापुरते बनवलेले आहेत. वाक्याच्या ठेवणीवरून आणि प्रत्ययांवरून आपण उत्तरे दिली. पुस्तकातील वाक्य उलटसुलट करून उत्तर देता आले म्हणजे धडा समजला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने हे झिंगुळ्याचे वाक्य अवश्य आठवावे. यालाच आपल्याकडे पोपटपंची म्हणतात.

वाचता न येणे ही उणीव लपत नाही. ज्याला अक्षर येत नाही तो दुसऱ्याकडे जाऊन म्हणतो, ‘बाबा रे, एवढे वाचून दाखव.’ उमजल्यावाचून वाचणे ही उणीव मात्र लपून राहते. वाचणाऱ्यास वाटते, आपण वाचले. ऐकणाऱ्यास वाटते, यास कळले. दोघेही निश्चिंत होतात, आणि धोका येथेच असतो.

अक्षर न येण्यापायी आपल्या लोकांनी काय सोसले, याची साक्ष इतिहासात आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध मोठा उठाव केला. १२ मे १८७५ रोजी सुपे या गावी त्याचा आरंभ झाला. उठावकऱ्यांचा रोख कर्जाच्या खतपत्रांवर व वह्यांवर होता. ते कागद हस्तगत करून त्यांनी जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा उमटवला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज गावच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावेत, अशी तरतूद त्यात होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ पुरा केला. शेतकऱ्याच्या दैन्याच्या मुळाशी विद्येचा अभाव आहे, हे त्यांनी त्यात कळकळीने मांडले.

तो काळ गेला. आज खेडोपाडी शाळा आहेत आणि तुमच्यापैकी प्रत्येकजण अक्षर ओळखतो. परंतु अक्षर आले म्हणजे सारे संकट टळले, असे नाही. याचे उदाहरण फार जुने नाही, आणि फार दूरचेही नाही.

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. येथील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाला लोक पांढरे सोने म्हणतात. कपाशीवर बोंडअळी, मावा, तुडतुडे अशा किडी पडतात. त्यांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी कीटकनाशके फवारतो. २०१७ साली जुलै ते नोव्हेंबर या काळात या जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, कोणाला वांत्या झाल्या, कोणाचा श्वास कोंडला. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात एकामागून एक रुग्ण येऊ लागले. वीसहून अधिक माणसे दगावली. घरातील कर्ती माणसे गेली आणि कित्येक चुली विझल्या. राज्य सरकारने या घटनेच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले.

असे का घडले? त्याला एकच कारण नव्हते. त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी माणसाच्या डोक्याशी लागेल एवढी वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार तोंडावर व अंगावर येत होते. जोराने फवारणारे पंप वापरात आले होते. दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवण्याची चाल पडली होती. हातमोजे, तोंडावरचे आच्छादन, अंगभर कपडे ही साधने बहुतेकांजवळ नव्हती. तेव्हा या दुर्घटनेचा सारा दोष ‘त्यांनी वाचले नाही’ एवढ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. फवारणारा पुष्कळदा रोजाने आलेला मजूर असतो. पंप त्याच्या पाठीवर चढतो तेव्हा बाटलीबरोबरचे पत्रक कोठे पडले आहे हेही त्याला ठाऊक नसते. आणि ते हाती आले तरी त्यावरील छपाई इतकी बारीक व शब्द इतके जड असतात, की चांगला शिकलेला माणूसही त्यापुढे गोंधळून जावा. असे असले तरी एक गोष्ट खरी, की जीव वाचवणाऱ्या कित्येक सूचना त्या लहानशा कागदावर छापलेल्या असतात. त्यांतील अर्थ घराघरांत पोहोचला पाहिजे, आणि ते काम वाचणाऱ्यानेच करावयाचे आहे.

भारतात १९६८ साली कीटकनाशकांविषयी कायदा झाला व १९७१ साली त्याचे नियम तयार झाले. बाटलीवरील लेबल व सोबतचे पत्रक हिंदी व इंग्रजी या भाषांबरोबरच त्या भागातील एका किंवा दोन भाषांतही छापावे, असे या नियमांनी ठरवले. बाटलीवर एका कोनावर उभा असलेला चौकोन छापावा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग द्यावा, असेही ठरवले. तांबडा रंग म्हणजे अत्यंत विषारी; त्यावर कवटी व हाडांचे चित्र असते. पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी.

आता हा हिरवा रंग ‘वाचून’ पाहा. रस्त्यावरच्या दिव्यात हिरवा रंग म्हणजे ‘जा’. खाद्यपदार्थाच्या पुडक्यावर हिरवा ठिपका म्हणजे ‘हा पदार्थ शाकाहारी आहे’. पण कीटकनाशकाच्या बाटलीवर हिरवा रंग म्हणजे ‘हेही विषच आहे, सावध राहा’. खूण एकच, परंतु तीन ठिकाणी तिचे तीन अर्थ झाले. एके ठिकाणचा अर्थ उचलून दुसऱ्या ठिकाणी लावणारा वाचक घातक चूक करील. म्हणून शब्द असो वा खूण, ती कोठे आली आहे हे पाहूनच तिचा अर्थ लावावा. याला संदर्भ पाहणे म्हणतात.

‘औषध’ हा शब्दही असाच आहे. आजीच्या खोकल्यावर आणतात ते औषध, आणि कपाशीवर फवारतात त्यालाही गावोगाव औषधच म्हणतात. पिकाची कीड मारते म्हणून ते पिकाचे औषध; माणसाला मात्र ते विष. इतका ओळखीचा शब्द, रोज तोंडात असलेला; आणि त्याच्या पोटात एवढा विरोध दडलेला! कठीण शब्दाशी आपण थबकतो, शब्दकोश उघडतो, कोणाला तरी विचारतो. सोप्या शब्दावरून मात्र आपण बेफिकीरपणे पुढे निघून जातो. म्हणून ओळखीच्या शब्दाजवळही क्षणभर थांबून पाहावे.

मग वाचलेले उमजावे कसे? आता एक नमुना घेऊन पाहू. पुढील सूचना केवळ अभ्यासासाठी लिहिलेल्या आहेत. त्या कोणत्याही विशिष्ट औषधाच्या नाहीत.

‘हे औषध एक लिटर पाण्यास दोन मिलिलिटर या प्रमाणात मिसळावे. फवारणी सकाळी अथवा सायंकाळी, वारा पडलेला असताना करावी. मंद वारा असल्यास वाऱ्याच्या दिशेने फवारावे. विरुद्ध दिशेने फवारू नये. शिफारस असल्याखेरीज हे औषध दुसऱ्या औषधात मिसळू नये. शेवटची फवारणी व तोडणी यांत किमान सात दिवसांचे अंतर ठेवावे. रिकामी बाटली पुन्हा वापरू नये.’

सहाच सूचना आहेत. अर्ध्या मिनिटात वाचून होतात. परंतु त्या उमजण्यासाठी पाच गोष्टी कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, अडलेला शब्द ओलांडू नये. ‘शिफारस’ म्हणजे काय? कोणी कोणाला केलेली शिफारस? येथे ती कृषितज्ज्ञांनी किंवा कृषी विभागाने दिलेला सल्ला या अर्थी आहे. ‘वारा पडलेला असताना’ म्हणजे काय? वारा झाडासारखा उन्मळून पडत नाही. वारा पडणे म्हणजे वारा थांबणे. तुमच्या घरची बोली निराळी असेल, तर ही अडचण तुम्हांला अधिक जाणवेल, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम पोडावरील मूल घरी कोलामी बोलते, बंजारा तांड्यावरील मूल गोरमाटी बोलते, कोठे गोंडी बोलतात. कोलामी व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा आहेत. त्यांचे शब्द मराठीहून अगदी वेगळे. अशी मुले शाळेत मराठी शिकतात तेव्हा ती एकाच वेळी दोन कामे करीत असतात. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातील ‘कपाशी’ हा शब्द वाचून घरची ‘पऱ्हाटी’ आठवावी लागते. ज्या क्षणी ती आठवते, त्या क्षणी पुस्तकातील शब्द जिवंत होतो. त्याला बोंडे लागतात, त्यावर ऊन पडते. पुस्तकातील शब्दाची घरच्या शब्दाशी अशी गाठ घालून देणे हा तो समजण्याचा उत्तम मार्ग आहे.

दुसरी गोष्ट, वाक्याचे सांधे पाहावेत. जर, तर, तरच, परंतु, खेरीज, वाचून, आधी, नंतर, किमान, फक्त हे शब्द दिसायला लहान असतात. पण दाराच्या बिजागरीसारखे ते साऱ्या वाक्याचे वजन पेलतात. ‘शिफारस असल्याखेरीज मिसळू नये’ हे वाक्य घाईने वाचणाऱ्याला ‘शिफारस’ आणि ‘मिसळू’ एवढेच दिसते, आणि ‘मिसळण्याची शिफारस आहे’ असा नेमका उलटा अर्थ तो मनात धरतो. सांधा पाहणारा वाचक म्हणतो, ‘जाणत्यांनी तसे सांगितले असेल तरच मिसळावे, एरवी नाही.’

तिसरी गोष्ट, आकडा व माप यांचा हिशेब करावा. एक लिटरला दोन मिलिलिटर हे प्रमाण वाचले, आता पंपात पंधरा लिटर पाणी मावत असेल तर औषध किती? तीस मिलिलिटर. हे गणित कागदावर लिहिलेले नाही. ते वाचकाने करावयाचे आहे. जो ‘दोन’ एवढाच आकडा ध्यानात ठेवतो आणि ‘दोन झाकणे ओतावीत’ असे समजतो, त्याने आकडा वाचला पण माप सोडले. तसेच, शेवटची फवारणी तीन तारखेस झाली असेल तर आठ तारखेस तोडणी करता येईल का? नाही, किमान सात दिवस म्हणजे दहा तारखेच्या आधी नाही. गणिताचा तास संपला म्हणून गणित संपत नाही. भाषेच्या तासालाही ते भेटते.

चौथी गोष्ट, न लिहिलेलेही ओळखावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का फवारू नये, हे सूचनेत सांगितलेले नाही. परंतु समोरून वारा येत असताना धूळ उडवली तर ती आपल्याच डोळ्यांत जाते, हा अनुभव तुम्हां सर्वांना आहे. तो अनुभव येथे लावला, की कारण आपोआप उमजते. रिकामी बाटली पुन्हा का वापरू नये? कारण धुतली तरी तिच्यात विषाचा अंश राहू शकतो. लेखक सगळेच लिहीत नाही. काही जागा तो वाचकावर विश्वास ठेवून मोकळ्या सोडतो. त्या भरणे हे वाचकाचे काम होय. मात्र येथे एक मर्यादा पाळावी. लिहिलेल्यातून जे निघते तेवढेच काढावे. आपल्या मनातले त्यात घालू नये. ‘फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी’ यावरून ‘भर दुपारी करू नये’ एवढे निघते. ‘सकाळी फवारल्यास तोंड झाकण्याची गरज नाही’ हे त्यातून मुळीच निघत नाही.

पाचवी गोष्ट, कागद मिटून आपल्या शब्दांत सांगावे. ही साऱ्या वाचनाची कसोटी आहे. पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी म्हणता येणे सोपे; तोच आशय लहान भावाला, शेजारच्या काकांना किंवा घरच्या बोलीत आजीला सांगता येणे अवघड. सांगताना जेथे आपण अडखळतो, नेमके तेथेच आपल्याला समजलेले नसते. मग पुस्तक पुन्हा उघडावे व तेवढा भाग परत वाचावा. पुन्हा वाचण्यात संकोच कसला? विणकर धागा तुटला की थांबतो, गाठ मारतो आणि मग पुढे विणतो. तुटल्या धाग्याने विणलेले वस्त्र टिकत नाही.

कोणास वाटेल, की ही सारी खबरदारी बाटल्या-पत्रकांपुरती. कथा-कवितांना ती कशाला? परंतु तेथे तर वाचकाची अधिकच परीक्षा होते. एका गोष्टीत समजा असे लिहिले आहे: ‘पाहुणे जेवणाची वेळ टळून तीन तासांनी आले. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अगबाई, फारच लवकर आलात!”’ शब्दांवर गेलो तर काकू पाहुण्यांची स्तुती करीत आहेत. आधीचे वाक्य ध्यानात ठेवले तर काकूंचा राग दिसतो, आणि तो त्यांनी कसा गोड शब्दांत गुंडाळला आहे हे पाहून हसू येते. पत्रकातील अर्थ सरळ सांगितलेला असतो. साहित्यातील अर्थ कधी शब्दांच्या आड उभा असतो. पण दोन्हीकडे प्रश्न तेच विचारावे लागतात: हे कोण सांगत आहे? कोणाला सांगत आहे? कोणत्या प्रसंगी सांगत आहे? आणि का सांगत आहे?

हे प्रश्न विचारणारा वाचक लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे मान तुकवत नाही. छापलेले आहे म्हणून ते खरे, असे तो मानत नाही. जाहिरातीत ‘पीक दुप्पट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत एखादी अट असते. उमजून वाचणारा मोठी अक्षरे वाचतो आणि बारीक अक्षरेही वाचतो. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, हे तो विचारतो. पूर्वी खतपत्राच्या कागदाने अक्षरशत्रू माणसाला बांधले. आजचा वाचक उमजल्यावाचून सही करील, तर त्याच्या अक्षरज्ञानाचा त्याला काय उपयोग?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आजी-आजोबांना वाचता येत नसेल. बँकेचे पत्र, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची वेष्टने, शाळेची सूचना, शेतीचे पत्रक अशा गोष्टी घरात येतात तेव्हा ती माणसे तुमच्याकडे विश्वासाने पाहतात. तुम्ही धडाधड वाचून दाखवता आणि आजी म्हणते, ‘माझा बाळ किती हुशार!’ त्या वेळी एवढेच करा. वाचून झाल्यावर तो मजकूर त्यांच्या बोलीत सांगा, आणि त्यांना काय कळले ते त्यांच्याच तोंडून ऐका. तुम्हांला स्वतःला जे कळले नसेल ते कळल्यासारखे दाखवू नका. शिक्षकांना किंवा जाणत्या माणसाला विचारा. आणि कीटकनाशकाची बाटली वाचण्यासाठी म्हणूनही हातात घेऊ नका. ते काम मोठ्यांचे आहे. त्यांनी स्वच्छ पत्रक आणून दिले तर ते दुरून व सावधपणे त्यांच्यासह वाचा.

२०१७ साली गेलेली माणसे परत येणार नाहीत. पण त्यांच्या गावांतील आजची मुले उद्या शेती करतील, दुकाने चालवतील, रुग्णालयांत काम करतील. कोणी कदाचित त्या पत्रकांचा मजकूरही लिहितील. त्यांतील वाचणाऱ्यांनी उमजून वाचावे आणि लिहिणाऱ्यांनी उमजेल असे लिहावे. ‘मला भूक लागली’ असे कोणी लिहून कळवले, तर ते वाचणाऱ्यापर्यंत भूक पोहोचली पाहिजे. ‘हे विष आहे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याचा हात वेळेवर थांबला पाहिजे. लिहिणाऱ्याच्या मनातील गोष्ट वाचणाऱ्याच्या मनात जशीच्या तशी उतरली, म्हणजे वाचन पुरे झाले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहा; पाठातील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नका.
(अ) ‘उमजल्यावाचून वाचणे’ ही उणीव लपून का राहते?
(आ) २०१७ सालच्या दुर्घटनेचा सारा दोष वाचन न करण्यावर टाकणे अन्यायाचे होईल, असे लेखक का म्हणतो?
(इ) हिरव्या रंगाचे तीन ठिकाणी कोणते तीन अर्थ होतात?

२. ‘झिंगुळ्याने काल दोन फटुंगे लोपाटले’ यासारखे एक निरर्थक वाक्य तयार करा. त्यावर तीन प्रश्न काढून शेजारच्या विद्यार्थ्यास विचारा. त्याने बरोबर उत्तरे कशाच्या आधारे दिली, ते सांगा.

३. पुढील दोन वाक्यांच्या अर्थांतील फरक स्पष्ट करा.
(अ) पाऊस पडला तर आम्ही पेरणी करू.
(आ) पाऊस पडला तरच आम्ही पेरणी करू.

४. पाठातील नमुना-सूचनांनुसार दहा लिटर पाण्यास किती औषध लागेल? शेवटची फवारणी १२ तारखेस झाल्यास कोणत्या तारखेच्या आधी तोडणी करता येणार नाही?

५. ‘रिकामी बाटली पुन्हा वापरू नये’ यावरून पुढीलपैकी काय निघते व काय निघत नाही, ते कारणासह सांगा.
(अ) त्या बाटलीत पिण्याचे पाणी भरू नये.
(आ) अर्धी भरलेली बाटली निर्धोक असते.

६. पुस्तकातील असे पाच शब्द लिहा, ज्यांना तुमच्या घरच्या बोलीत निराळे शब्द आहेत. दोन्ही शब्द समोरासमोर लिहून ते वर्गात वाचून दाखवा.

७. घरी आलेले एखादे पत्र किंवा सूचना वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा व त्यांच्या बोलीत समजावून सांगा. सांगताना तुम्ही कोठे अडखळलात, ते वहीत लिहा.